गळ्यातला माग

“मॅडम, ह्यांच्या कानातला आवाज मलाबी ऐकू येतोय की,” पद्माबाई म्हणाल्या आणि माझं पेन थांबलं.

समोर त्यांचे पती श्रीनिवास बसले होते. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर वीस वर्षं काम केलेला माणूस. दोन महिन्यांपूर्वी ते “कानात माग चालतो” म्हणत आले होते. सोलापुरात मागावरच्या माणसाने असं सांगितलं की आम्ही डॉक्टर फार विचार करत नाही. मीही केला नाही. खडखडाटाने कान खराब झाले असणार, म्हणून ईएनटीकडे पाठवलं. तिथे ऐकू थोडं कमी येतं असा रिपोर्ट आला आणि मी निर्धास्त झाले. त्यांची नाडी बघितली नव्हती. याची लाज मला आजही वाटते.

पण कानाच्या नसेचा आवाज दुसऱ्याला कसा ऐकू येईल?

“कुठे ऐकलात तुम्ही?”

“दुपारी लाइट गेली होती. सगळी गल्ली गप. हे खड्ड्यापाशी झोपलेले. मी कानापाशी वाकून हाक मारली तर आतून सूं सूं. मागावर सूत घेऊन धोटा पळतो तसं.”

खड्डा म्हणजे त्यांच्या पुढच्या खोलीतली जुन्या हातमागाची जागा. तिथे पाय सोडून श्रीनिवासांचे वडील, नाना, आयुष्यभर विणत बसले. वर्षापूर्वी नाना गेले, माग मोडीत गेला आणि खड्ड्यावर फरशी बसली. श्रीनिवास हल्ली त्या फरशीशेजारीच झोपायचे. मधूनच घरच्या तेलुगूत कुणाला तरी उत्तर द्यायचे. नातेवाईक देवऋषी बघा म्हणत होते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे वटारल्यासारखे. पंखा चालू असून घाम. दोन्ही हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, तो थरथरायला लागला. भूक भरपूर, तरी वजन सात किलो उतरलेलं. नाडी एकशे अठ्ठावीस.

गळ्याच्या पुढच्या भागाला सूज होती. तिथे स्टेथोस्कोप टेकवला. सूं... सूं... सूं. हा आवाज मला पुस्तकातून माहीत होता, तरीही अंगावर काटा आला. श्रीनिवास माझ्याकडे टक लावून बघत होते. “ऐकलं?” त्यांनी हळूच विचारलं.

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. ती बेफाम झाली की सगळंच धावायला लागतं, तिच्याकडे जाणारं रक्तसुद्धा. त्या रक्ताचा तो आवाज, गळ्यातून कानापर्यंत पोचणारा. टीएसएच म्हणजे ग्रंथीला काम करायला सांगणारा मेंदूचा निरोप. तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ शून्य होता. ग्रंथी कुणी न सांगताच राबत होती. मी कार्बिमाझोल सुरू केलं, धडधडीसाठी दुसरी गोळी दिली आणि बजावलं, “ताप आला किंवा घसा दुखला तर कार्बिमाझोल थांबवून त्याच दिवशी यायचं. क्वचित या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होतात.”

सहा आठवड्यांनी नाडी ब्याऐंशी. वजन वाढलेलं. पद्माबाई खूश, “आता काय बी ऐकू येत न्हाय.” श्रीनिवास मान कलती करून कशाची तरी चाहूल घेत होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नंतर तीन महिने ते फिरकलेच नाहीत. आले ते दम लागलेल्या अवस्थेत, नाडी वाटेल तशी पळत असलेली. हृदय कधीही दगा देईल अशी स्थिती. ताबडतोब अॅडमिट केलं. दोन दिवसांनी जरा बरे झाल्यावर मी फैलावर घेतलं.

“गोळ्या संपल्या होत्या का?”

“न्हाय. घरात हायत की.”

“मग?”

“नाना गप झाले, मॅडम.” ते छताकडे बघत म्हणाले. “वारल्यावर कितीतरी महिने न्हवते. मग परत मागावर बसले. तुमच्या गोळीनं उठून गेले. म्हणून गोळी सोडली. आठ-पंधरा दिवसांत आले की परत.”

मी स्टेथोस्कोप त्यांच्या कानांना लावला, दुसरं टोक त्यांच्याच गळ्यावर धरलं आणि त्यांचं बोट त्यांच्या नाडीवर ठेवलं. सूं आणि ठोका एकाच वेळी पडत होते. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

“म्हणजे हे माझंच हाय?”

“तुमचंच. आणि हे असंच चालू राहिलं तर तुम्ही राहणार नाही.”

ते भिंतीकडे तोंड करून रडले. मी तिथेच बसून राहिले.

पुढच्या फेरीला पद्माबाई एकट्याच रिपोर्ट घेऊन आल्या. रिपोर्ट सुधारत होता. श्रीनिवास का नाही आले, असं मी विचारलं.

“आवाज थांबला ना मंगळवारी,” त्या म्हणाल्या. “दहा दिवस सुतक धरलंय त्यांनी. बाहेर पडत न्हाईत. गोळी मात्र टायमावर घेतात.”

तेव्हापासून कानाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची मी आधी नाडी बघते. आणि बरं वाटतंय म्हणाला, तर काय गेलं तेही विचारते.