बिजलीबाईने शिवलेले झगे

याडी,

तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. सबब सोयीची होती. आज तुला, माझ्या आईला, पत्र लिहायला बसले, तर पुढचं "मी" म्हणून सांगायला धीर होत नाही. मोतीची गोष्ट म्हणून सांगते. तांड्यावर माझं तेच नाव होतं.

बिजलीबाईला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. आर्णीजवळच्या त्या बंजारा तांड्यात तिची आई रुक्माबाई तेवढी ख्रिस्ती झालेली. मिशनच्या दवाखान्यात ऐकलेल्या गोष्टी ती चुलीपाशी सांगे. त्यात हन्ना होती: मूल होत नाही म्हणून देवाच्या दारात रडून नवस बोलणारी, आणि झालेला शमुवेल देवाच्याच घरी नेऊन ठेवणारी. बिजलीबाई तसाच नवस बोलली. मोती झाली. सात वर्षांनी, १९५७ च्या जूनमध्ये, तिने पोरीला यवतमाळच्या मिशन बोर्डिंगात घालायचं काढलं.

"शमुवेल पोरगा होता," नवरा लालसिंग म्हणाला. "हे पोरगी हाये. देवाले काय कामाची?"

"त्यानं पोरगी देल्ली, तं पोरगीच वापस करा लागते. तुमाले नेऊन देल्लं तं तो ठेवणार नाई."

लालसिंग हसला. दोन वर्षांनी तोही चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसू लागला. बायकोने त्याला एकदाही "चला" म्हटलं नव्हतं.

गोष्टीतली हन्ना दरवर्षी मुलासाठी लहानसा झगा शिवून नेते. मग बिजलीबाईही नेई. नाताळाच्या आधी एसटीने यायची. लाल कापड, त्यावर टाके घालून बसवलेले आरसे, गळ्याला कवड्या. पहिली काही वर्षं मोतीने ते झगे मिरवले. मग मुली म्हणू लागल्या, "थांब गं, तुझ्या पाठीत बघून वेणी घालते." तेव्हा झगे पेटीच्या तळाशी गेले.

१९६३ च्या डिसेंबरात चर्चमध्ये उतारा वाचायला मोतीला उभं केलं. उतारा हन्नाचाच निघाला. बिजलीबाई फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, नि हातभर चुडे घालून पुढेच सतरंजीवर बसलेली. मोती झग्याच्या ओळीवर आली आणि बिजलीबाई उठून उभी राहिली. पिशवीतून नवा झगा काढून तिने दोन्ही हातांनी उंच धरला. खिडकीतलं ऊन आरशांवर पडून भिंतीभर कवडसे नाचले. सगळं चर्च हसलं. वाईट नाही हसले, पण हसले.

मोतीने मान वर केली नाही. आईच्या तोंडून पाठ झालेली ती गोष्ट तिने परक्याची असल्यासारखी वाचून संपवली.

बाहेर कडुनिंबाखाली बिजलीबाईने झगा पुढे केला. "घाल वं, पाहू दे."

"घट्ट होतो," मोती म्हणाली. तिने तो उलगडलाही नव्हता.

"अंदाजानं शिवला ना. थांब, मापच घेऊ दे." बिजलीबाईने पिशवीतून दोरा काढला. मोती मागे सरली. फाटकाशी चार मुली उभ्या होत्या.

बिजलीबाईने मुलींकडे पाहिलं, मग मोतीकडे. जे समजायचं ते समजली असणार. मूर्ख नव्हती ती.

"बरं. पोरी पाहून राह्यल्या. तू सवडीनं घे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, अन् तेथं गाठ मार. रहमत सोमवारी येते, त्याच्यापाशी दे. हा मले वापस दे, उसवून वाढवा लागते."

दोरा मोतीच्या हातात ठेवून, झगा पिशवीत घालून ती एसटी गाठायला गेली.

रहमत आर्णीहून कापसाचा ट्रक घेऊन येई. सोमवारी त्याने फाटकातून हाक मारली, "मोती बेटी, तुया मायनं काही आणाले सांगतलं होतं."

"काही नाही, चाचा."

"दोरा का काय म्हणे..."

"सांगा, पुढच्या सोमवारी देते."

पुढच्या सोमवारी मोती हाक ऐकूनही वर्गातून उठली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. जानेवारी सरला, रहमतने विचारणं सोडलं. माप काही गेलं नाही.