ताईला जेवायला कुठे न्यायचं

लखनऊहून बाराबंकीकडे जाणाऱ्या फैजाबाद रोडवर त्या काळी जिथे जिथे खुर्चीवर बसून जेवायला मिळायचं, तिथल्या प्रत्येक खुर्चीवरून माझे भाऊजी एकदा तरी ताडकन उठलेले आहेत. हे मी ऐकीव सांगत नाही. शेजारच्या खुर्चीवर मी होतो. मी जेमतेम टेकतोय तोच ते उभे राहायचे, रुमालाने मान पुसायचे आणि म्हणायचे, "चाल. हे नाही." काय नाही, हे विचारेपर्यंत बाहेर त्यांची स्कूटर सुरू झालेली असायची आणि मालकाची माफी मागायचं काम माझ्याकडे यायचं. माझं हिंदी त्या वर्षी सुधारलं ते अशा माफ्या मागूनच.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, चिनहटच्या एका सरकारी कारखान्यात फोरमन. राहायला कारखान्याच्याच वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच बँकेत लागून नागपूरहून लखनऊला आलो होतो आणि शहरात एक खोली घेऊन राहत होतो. रविवारी सकाळी पहिली बस धरून मी ताईकडे जायचो. घरात बुद्धवंदना झालेली असायची, ताई पोहे करत असायची आणि भाऊजी चालत असायचे. हा माणूस घरातही स्वस्थ बसत नसे. पेपर उभ्याने वाचायचे. चहा या खोलीतून त्या खोलीत जाता जाता प्यायचे. जेवणसुद्धा ताट हातात घेऊन, दाराच्या चौकटीला टेकून. एकदा कारखान्याच्या डॉक्टरने त्यांना आठ दिवस पडून राहायला सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी खाट फिरवून फिरवून चारही भिंतींना लावून पाहिली होती. "जागा चुकीची होती," म्हणाले. "म्हणून झोप येत नव्हती."

त्या वर्षी ताई बी.ए. झाली. वय अडतीस, पोरगी नववीत, आणि परीक्षा बाहेरून दिलेली. चार वर्षं ती पोळ्या लाटता लाटता पाठ करायची आणि भाऊजी येरझाऱ्या घालत तिला प्रश्न विचारायचे. निकाल लागला तेव्हा त्यांनी वसाहतीत पेढे वाटले, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या बहिणीनं लग्नापासून आजवर सगळ्यांना वाढलंच आहे. तिला एकदा ऐटीत बसवायचं. दुसऱ्यानं वाढायचं आणि विचारायचं, 'और कुछ लेंगी?' असं जेवण द्यायचं आहे मला."

मी म्हटलं, "मग शहरात चला, हजरतगंजला. नाहीतर जुन्या चौक बाजारात."

"आणि परत कसं यायचं? स्कूटरवर तिघं मावत नाहीत, आणि शेवटची बस साडेसातला. ती घड्याळाकडे बघत जेवणार? नाही. जागा इकडचीच पाहिजे."

इकडे म्हणजे चिनहटकडे. इकडे तेव्हा कारखाने होते, शेतं होती, आंब्याच्या बागा होत्या आणि ट्रकवाल्यांचे ढाबे होते. खास जेवणासाठी हॉटेल शोधायला याहून वाईट मुलूख सापडला नसता. पण भाऊजींनी दर रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून मोहीम सुरू केली. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी खुर्ची हलवून बघायची. मग भिंतीवरून बोट फिरवायचं. मग अर्धी प्लेट डाळ मागवायची. "भाजीत मसाला घालून काहीही लपवता येतं. डाळ खोटं बोलत नाही," हा त्यांचा सिद्धांत. डाळ ते चमचाभर चाखायचे, उरलेली मी संपवायची. त्या दोन महिन्यांत माझ्या पोटात किती डाळ गेली, हे माझं मलाच माहीत.

एका ढाब्याची डाळ उत्तम होती, पण तिथे खाटा होत्या. "बी.ए. झालेली बाई खाटेवर मांडी घालून जेवणार? टेकायला पाठ पाहिजे." दुसरीकडे 'फॅमिली केबिन' अशी पाटी होती, भाऊजींनी पडदा सारला तर आत बटाट्याची पोती बसलेली. "फॅमिली मोठी आहे," असं म्हणून त्यांनी पडदा पुन्हा नीट लावला. तिसऱ्या ठिकाणी सगळं जमलं होतं. खुर्च्या बऱ्या, डाळ बरी, भिंत कोरडी. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडत होतो, तेवढ्यात वेटरने शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "हो गया? उठिए, और लोग खड़े हैं." म्हाताऱ्याच्या ताटात अजून भात होता. भाऊजी उठले. त्या दिवशी "हे नाही" सुद्धा म्हणाले नाहीत.

परत येताना स्कूटर पंक्चर झाली. रस्त्याकडेला पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता आणि भाऊजी त्या तसराळ्याभोवती फेऱ्या घालत होते. मी जरा चिडलोच होतो. म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला एकही जागा पटत नाही. काहून?"

ते फिरतच बोलले. "सहा वर्षांचा होतो. गावात पाटलाकडे लग्न होतं. आपल्या लोकांची पंगत सगळ्यात शेवटी, आवाराबाहेर. मला काय कळतं? मी आत जाऊन बसलो. पत्रावळीवर भात पडला होता. एकानं दंडाला धरून उठवलं." मग आणखी एक फेरी घालून म्हणाले, "तेव्हापासून कुठंही जेवायला बसलो की वाटतं, कोणी उठवायच्या आत आपणच उठावं. पण तिला तसं वाटू नये, एवढंच बघतो आहे."

मी नागपुरात, आपल्याच वस्तीत वाढलो होतो. असलं काही मी ऐकून होतो, पण ज्याच्याबरोबर दर रविवारी डाळ खातो त्या माणसाकडून ऐकलं नव्हतं. मी तसराळ्यातल्या पाण्याकडे बघू लागलो. भाऊजींनीच मला सोडवलं. "बघ बघ, बुडबुडे कुठून येताहेत," म्हणाले आणि पंक्चरवाल्याला जागा दाखवू लागले.

जागा शेवटी सापडली ती घराजवळच. छावणीतल्या एका मेसमधून निवृत्त झालेल्या खानसाम्याने वसाहतीपासून मैलभरावर चार टेबलांचं छोटं हॉटेल काढलं होतं. पांढऱ्या चादरी, इस्त्री केलेल्या. डाळ भाऊजींनी दोन चमचे चाखली. तरीही ते वेगवेगळ्या वेळी तीनदा जाऊन आले, न जाणो एखाद्या वेळी डाळ बदलत असेल.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही चौघं गेलो. ताई निळी साडी नेसली होती आणि उगाचच पदर सारखा करत होती. आम्ही बसलो. भाऊजी उठले. पंख्याचा वारा थेट अंगावर येतो म्हणून टेबल बदललं. तिथे दिवा डोळ्यांवर येतो म्हणून आणखी एकदा. मग तिखट कमी घालायला सांगायला आत गेले. मग पाणी स्वतःच घेऊन आले. जेवण आलं तेव्हा वेटरच्या हातातून भांडं घेऊन हेच ताईला वाढू लागले. वेटर बिचारा हात बांधून उभा. भाची तोंडावर हात धरून म्हणाली, "पापा, बैठिए ना, सब देख रहे हैं!"

ताईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. माझ्यासमोर तिने त्यांना असं कधी धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बसा. मला वाढणारा नको आहे. बरोबर जेवणारा हवा आहे. इथून आपल्याला कोणी उठवत नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्यापासूनच ठाऊक असणार. भाऊजींनी भांडं खाली ठेवलं आणि बसले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. आधी टेबलावर ठेवले, मग मांडीवर. मग त्यांनी रोटीचा तुकडा मोडला. आम्ही तासभर जेवलो. ताईने भात दोनदा मागून घेतला, घाई न करता, आणि वेटरने खरोखरच विचारलं, "और कुछ लेंगी, बहनजी?" भाऊजींनी मान खाली घातली. डाळ तेवढी तिखट नव्हती, पण त्यांना रुमाल काढावा लागला.

शेवटी म्हातारा खानसामा हात पुसत बाहेर आला. "आज कोई खास बात है क्या, साहब?"

भाऊजींनी ताईकडे हात केला. ताईच म्हणाली, "मैंने बी.ए. पास किया है." आणि स्वतःच लाजली. खानसाम्याने तिला मेसमधल्या साहेबांना करतात तसा सलाम केला. मग जरा घुटमळत म्हणाला, "हमारी बहू आठवीं तक पढ़ी है. आगे पढ़ना चाहती है. कौन पढ़ाए?"

पुढे दीड वर्ष ताईने त्या सुनेला आठवड्यातून दोन दुपारी घरी बोलावून शिकवलं. ती दहावी झाली त्याच्या पुढच्या महिन्यात भाऊजींची बदली भोपाळला झाली. आपण शिकवलेल्या मुलीचं मार्कशीट बघून ताई जेवढी रडली, तेवढी स्वतःच्या निकालाच्या दिवशी रडली नव्हती. स्टेशनवर निरोप द्यायला ती सून आली होती, कडेवर बाळ घेऊन. गाडी हलली तेव्हा ताई खिडकीतून तिला ओरडून सांगत होती, "इंटर का फॉर्म भर देना! भूलना मत!" भाऊजी तिच्या मागे उभे होते, आणि तिचा आवाज कमी पडतो म्हणून तेही ओरडत होते, "फॉर्म! फॉर्म!"

पुढच्या रविवारी मला नेहमीसारखीच पहाटे जाग आली. कपडे घातले, बसस्टॉपवर गेलो. चिनहटची पहिली बस आली, कंडक्टरने ओळखीचं हसून दार धरलं. मी त्याला हात केला आणि बस जाऊ दिली. मग बराच वेळ तिथेच उभा राहिलो. त्या एवढ्या मोठ्या शहरात कुठे जायचं, ते मला ठरवता येत नव्हतं.