दाऊदभाईंचे रोमन बादशहा

किस्से आणि डेड स्टॉक, दोन्ही कुणी मागवत नाही, तरी साठतात. सलमाबादच्या आमच्या गोडाऊनमध्ये एसीचे पार्ट कमी आणि किस्से जास्त. त्यातले निम्मे रोमन बादशहांचे. त्याला जबाबदार आमचे स्टोअरकीपर दाऊदभाई. गाव दापोलीकडचं, इथे बहारीनमध्ये सव्वीस वर्षं. देश सोडून चाललेल्या एका इंजिनिअरने रोमचा जाडजूड इतिहास मागे टाकला होता, तो यांनी पानन् पान वाचला. मग मुहर्रकहून निघणाऱ्या कंपनीच्या व्हॅनमध्ये रोज सकाळी एक बादशहा निकालात!

हे बादशहा सुरू झाले त्याच वर्षी दिल्लीकडचा नवा जनरल मॅनेजर आला आणि माणसं कमी होणार अशी हवा पसरली. स्टोअरमध्ये दोघंच, दाऊदभाई आणि मी. राहणार एकच. माझा व्हिसा डिसेंबरात संपत होता, पोरगी इथल्याच शाळेत दहावीला. मला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. दर दहा मिनिटांनी मेल बघायचो.

* * *

एका सकाळी क्लॉडियस निघाला. पुतण्याचा खून झाला म्हणून हा घाबरून पडद्यामागे लपला. शिपायांना पडद्याखाली पाय दिसले. त्याला वाटलं, संपलं आता. तर त्यांनी बाहेर ओढून थेट बादशहाच केलं.

बिलिंगमधल्या परबने यातून एवढंच घेतलं, की लपलं तर फायदा असतो. दुपारी मॅनेजर राऊंडला आला तसा हा कार्टनच्या रॅकमागे. सापडला. मॅनेजरने विचारलं, इथे काय करतोस. परब म्हणाला, फायर एक्झिट मोकळी आहे का बघतोय. संध्याकाळपर्यंत तो फायर सेफ्टी कमिटीचा प्रमुख झाला होता.

* * *

मग आला व्हेस्पेशियन, ज्याने मुतारीवर कर बसवला. आम्ही पोट धरून हसलो. आठवडा गेला नाही तोच टॉयलेटच्या दाराशी रजिस्टर लागलं: गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सही.

त्या दिवसापासून अख्ख्या वर्कशॉपची खात्री पटली, की दाऊदभाईंना ऑफिसमधून आतली खबर मिळते आणि ते बादशहांच्या नावाने सांगतात. ते शपथा घेऊन सांगायचे, अरे हे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. ऐकतो कोण! नीरोचं रोम जळालं त्या दिवशी दोन वेल्डरांनी कुणी न सांगता आग विझवायचे सगळे सिलिंडर तपासले. फायर सेफ्टी प्रमुख रजेवर होता.

* * *

एकदा शिपायांनी बादशहाला मारून राज्याचाच लिलाव केला. ज्युलियानस नावाच्या शेठने बोली जिंकली. सहासष्ट दिवसांत त्याचाही मुडदा पाडला.

"प्रोबेशनसुद्धा पुरा झाला नाय बिचाऱ्याचा," दाऊदभाई म्हणाले.

व्हॅन हसली. मी मनात मॅनेजरचे दिवस मोजले. सत्तर झाले होते. माझं नशीबच फुटकं.

मी इतका चिडचिडा झालो होतो, की उतरताना दाऊदभाईंवरच उखडलो. म्हटलं, तुम्हाला बादशहा सुचतात, माझ्या पोरीची शाळा अर्ध्यात सुटेल. त्यांनी फक्त पोरगी कितवीला आहे ते विचारलं.

* * *

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी बोलावणं आलं. दाऊदभाईंना दहाला, मला अकराला. सकाळी व्हॅनमध्ये बादशहा नव्हता. दहाला ते आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन नटबोल्टांचे खोके लावायला लागले. अकराला मॅनेजरने माझ्यापुढे कागद सरकवला: रिन्यूअल, दोन वर्षं. मी सही केली. बाहेर आलो तेव्हा पाय हवेत होते, आणि दाऊदभाईंकडे बघायची हिंमत होत नव्हती. या वयात त्यांना काढलं आणि मला ठेवलं, याची लाज वाटत होती.

संध्याकाळी परतीच्या व्हॅनमध्ये त्यांनी आपणहून बादशहा काढला, डायोक्लेशियन. वीस वर्षं राज्य केलं, मग कुणी मारायच्या आत स्वतःच गादी सोडली आणि गावाकडे जाऊन कोबी लावला. पुढे रोमात गोंधळ माजला. लोक विनवायला आले, परत या. हा म्हणाला, मी लावलेला कोबी एकदा बघा, मग असलं काही विचारणार नाही.

परब म्हणाला, थापा आहेत, असा कोण सोडतो?

तेवढ्यात दाऊदभाईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, फोन कायम स्पीकरवर. मॅनेजर होता. स्टोअरचं सगळं तुमच्याच डोक्यात आहे, म्हणाला. मी तर शिंदेला काढणार होतो, तुम्हीच सकाळी राजीनामा टेबलावर ठेवलात. मागे घ्या, दोघांना ठेवतो.

शिंदे म्हणजे मी. 

दाऊदभाई खिडकीकडे बघत म्हणाले, "साब, गाव में भात कट गया है. अभी वाल नहीं पेरा, तो जमीन सूख जाएगी."