भुताच्या सिनेमाचा फोकस

सिनेमा अगदीच टुकार होता, हे आधीच सांगून टाकतो. भूत उतरवण्याचा सिनेमा, आणि तोही म्हणे कुणाला तरी माळ्यावर सापडलेल्या टेपचा. दीड तास नुसता कॅमेरा हलतोय, माणसं बोळातून पळताहेत, आणि भूत म्हणाल तर एक खुर्ची वीतभर सरकते. बस्स! दुपारच्या खेळाला आलेली वीस-पंचवीस माणसं जांभया देत होती. खरा घाबरला तो एकच माणूस, वरच्या खोलीतला मशीनवाला.

त्यांना सगळे फोकसराव म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी त्या पडद्यावर एक चित्र पुसट जाऊ दिलं नव्हतं. रिळं गेली, नवं मशीन आलं, पण भिंग अजून हातानेच फिरवावं लागे, आणि तो हात त्यांचा. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात ना, त्या अक्षरांच्या कडा बघून ते फोकस बसवायचे. त्यांच्या कामाला नाव ठेवायची कुणाची बिशाद नव्हती.

पण गेले काही महिने दिव्यांभोवती धुकं दिसायला लागलं होतं. जिन्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जायच्या. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. डोळे गेले तर आपण कोण, या विचारानेच त्यांना धडकी भरायची. मोठमोठ्या अक्षरांवर कसंबसं निभावत होतं, एवढंच.

आणि या मेल्या सिनेमाला नावंच नव्हती! एकदम सुरू. पडद्यावर राखाडी काहीतरी तरंगतंय. दार आहे की माणूस, पत्ता नाही. फोकसरावांनी भिंग उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं. छे! संपलो आपण, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला, ‘‘अहो, झोपलात काय वर? होतं तेवढं तरी दिसू द्या!’’

अंधारात लोकांना जागा दाखवणारा बॅटरीवाला धापा टाकत वर आला. ‘‘फोकसराव, हात जोडतो, भिंगाला हात लावू नका! सिनेमाच तसा आहे. नवशिक्याने काढल्यासारखा मुद्दाम पुसट केलाय.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘मुद्दाम! आता बोला!’’

त्याने सांगितलं तसं भिंग पुन्हा जागेवर आणलं आणि फोकसराव मटकन स्टुलावर बसले. मग त्यांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. अहाहा, म्हणजे डोळे शाबूत होते, बनवाबनवी सिनेमाची होती! जीव भांड्यात पडला. मशीन आपलं आपण चालू होतं. खाली बायको सिनेमा बघत होती. तिच्या शेजारी ते जाऊन बसले.

‘‘अय्या, तुम्ही? काम सोडून?’’

‘‘आज माझी गरज नाही,’’ ते ऐटीत म्हणाले.

किती वर्षांनी ते असे खुर्चीत रेलले होते! डोक्यावर पंखा संथ फिरत होता. पडद्यावरचा राखाडी उजेड माणसांच्या तोंडांवरून पाण्यासारखा हलत होता. कुणी घोरत होतं. भूत उतरवणारा बुवा कुठेतरी खोल गुणगुणत होता, आणि त्या गुणगुणण्यावर सगळा हॉल हळूहळू वाहत चालला होता. आज सगळ्यांनाच पुसट दिसतंय, आणि त्याचा दोष कुणावर नाही. असंच कायम चालू राहावं, असं त्यांना वाटलं. इतकं सुख त्यांना कित्येक दिवसांत लाभलं नव्हतं.

शेवटी बुवा दमला. त्याने हातातला कॅमेरा टेबलावर ठेवला आणि चित्र एकदम स्थिर झालं.

‘‘हुश्श! आता कसं लख्ख दिसतंय!’’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘‘खरंच बाई,’’ बायको म्हणाली. ‘‘एवढं एकच दृश्य धड काढलंय.’’

फोकसरावांनी डोळे चोळले. पुन्हा चोळले. समोर तेच राखाडी धुकं, मधे पिवळसर डाग. ‘हो ना, किती छान’ असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द ओठांवर आलेही होते. पण त्यांना रडू कोसळलं, आणि अंधारात रडायला कसली आलीय लाज?

‘‘अगं,’’ ते म्हणाले, ‘‘तिथे उजेडात कोण आहे?’’

तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

‘‘ती झपाटलेली मुलगी आहे. खिडकीत बसून केस विंचरतेय.’’

‘‘भूत गेलं का तिचं?’’

‘‘गेलं. हसतेय बघा… हसतेय ती.’’

‘‘बरं झालं,’’ फोकसरावांनी डोळे मिटले. ‘‘पुढं सांग.’’