आधी ऊन, मग विसण

माझ्या माहेरी, शहापुरात, अंघोळीचं पाणी हंड्यात तापायचं. मागल्या दारी तीन दगडांची चूल, तिच्यावर काळाकुट्ट हंडा, आणि तो उतरवताना रोज कुणाचा तरी हात पोळायचा. बंब मी पाहिला तो लग्न होऊन मुरबाडला आल्यावर, लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी, मला दिवस गेले तेव्हा.

माझी आई लग्नाआधीच गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. बाळंतिणीला आणि पोराला उठल्याबरोबर ऊन पाणी हवं, तेव्हा घरात बंब आलाच पाहिजे, असं सासूबाईंनी जाहीर केलं. आमच्या ह्यांच्या मनात पत्र्याचा होता. हलका आणि चकचकीत.

"पत्रा गंजंल. तांब्याचाच घ्यायचा," सासूबाई म्हणाल्या, आणि लेकाचा भरवसा नसल्यासारख्या स्वतः मोटारीत बसून कल्याणला गेल्या. तांबटाच्या दुकानात त्यांनी बंबात पाणी भरायला लावलं आणि बाहेरून जोडांना कोरडी राख फासली. राख ओली झाली की बंब गळका. पहिल्या बंबाची राख ओली झाली, दुसऱ्याचीही झाली. तांबट तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता म्हणे. मला हे ह्यांनी सांगितलं, हसत हसत. तिसरा बंब घरी आला.

सासूबाईंचं नि माझं फारसं गूळपीठ नव्हतं. बंब आल्यावर त्यांना मला शिकवायला आणखी एक विषय मिळाला. पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही, नाहीतर जोड सुटतात. मधल्या नळीतली काजळी नारळाच्या हिरांच्या झाडणीने खरवडायची. खालची राख रोज काढायची, बाहेरून चिंच लावून घासायचं. मी सगळं करायचे आणि मनातल्या मनात बंबाला माझी सवत म्हणायचे.

एका बाबतीत मात्र त्या थट्टा खपवून घेत नसत. न्हाणीत एका बाजूला बंब, दुसऱ्या बाजूला गार पाण्याची दगडी डोण, मध्ये घंगाळ. घंगाळात आधी बंबाचं कढत पाणी घ्यायचं आणि मग डोणीतलं विसण घालून ते अंगाला सोसेल असं करायचं. मी एकदा सवयीने आधी गार पाणी ओतलं, तर त्यांनी घंगाळ माझ्या हातून घेतलं आणि पालथं केलं.

"आधी ऊन, मंग विसण. उलटं नाय करायचं गो. उलटं मढ्याला करतात."

माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. ओंजळीत मावेल एवढी. रडायची ती मांजराच्या पिलासारखी, आणि हातपाय कायम गार. ती उबेवर जगेल नाहीतर नाही, असं सुईण माझ्यादेखतच बोलली. मग घरात ऊब एवढं एकच काम उरलं. बंबातले निखारे शेगडीत भरून माझ्या बाजेखाली यायचे. सकाळी सासूबाई पाटावर पाय लांब करून बसायच्या, पोरीला नडग्यांवर घ्यायच्या, कोपर बुडवून पाणी बघायच्या आणि ओंजळीने घालायच्या. न्हाणी माझ्या खोलीला लागूनच होती. बंबाची तोटी सोडल्यावर रिकाम्या घंगाळात कढत पाणी पडायचं ते बारीक धारेने, बराच वेळ. मग तांब्याने विसण, बदकन. मग पोरीचं रडणं. या क्रमाने सकाळ व्हायची. रडणं ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका सकाळी मी अर्धवट झोपेत होते. सासूबाईंनी पोरीला माझ्या कुशीतून उचललं. जरा थांबल्या. मग, "न्हाऊ घालते," एवढं म्हणून गेल्या. आवाज रोजचाच होता.

मी पडल्या पडल्या तोटीची वाट पाहत होते. रिकाम्या घंगाळात तांब्याने पाणी पडलं, बदकन. पुन्हा पडलं. त्यानंतर तोटी सुटली.

रडणं ऐकायची वाट मी पाहिली नाही.

सासूबाई दारात आल्या तेव्हा त्यांचा पदर ओला होता. मी म्हटलं, "ऐकलं मी, आत्याबाई." त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मला रडू आलं नाही. मला काहीच वाटलं नाही. बाजेखाली शेगडी होती, पाठ भाजत होती, आणि ती दुसऱ्याच कुणाची पाठ असावी तसं मला ते कळत होतं. ह्यांनी पोरीला फडक्यात गुंडाळून नेलं. मी आढ्याकडे बघत राहिले. दुपारी पेज दिली, ती मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बंब पेटला. सासूबाईंनी मला हाताला धरून न्हाणीत नेलं आणि पाटावर बसवलं. घंगाळ रिकामं होतं. पाणी कुठलं आधी पडतं इकडे माझं लक्ष होतं. कुठलंही पडलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

त्यांनी तोटी सोडली. कढत पाण्याची बारीक धार पडायला लागली, बराच वेळ पडत राहिली. मग त्यांनी विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं आणि पहिला तांब्या माझ्या पाठीवर ओतला. मला धरलं होतं ते जिवंतांत. तेव्हा मी रडले.