खुळखुळ्याच्या शेंगेतली अळी

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने कोल्हापूर सोडलं तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. चौथीच्या वर्गात मी सांगितलं होतं, की खुळखुळ्याचं (माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप) जे विष गुरांना मारतं, तेच पचवून एक अळी मोठी होते आणि तिचा पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा पतंग होतो. वाळवंटातही तग धरणारा हा इवलासा जीव आमच्या माळांवर राहतो, याचं मला भारी कौतुक. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पुस्तकात नाही ते शिकवू नका. सोमवारी चूक झाली म्हणून मुलांना सांगा." मी म्हटलं, फोटोच आणून दाखवते.

हातकणंगल्याला उतरून तासभर चालले. माळावर गवताची कापणी सुरू होती. कुसळं साडीतून घुसून पोटऱ्यांना टोचत होती. खुळखुळा मात्र औषधालाही दिसेना. शेवटी कापणी करणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांना सगळे गौराक्का म्हणत; आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात.

"खुळखुळा? उपटला की समदा! आदी त्यो उपटायचा, मग गवताला इळा लावायचा. वैरणीत गेला तर जनावर मरतंय. गेल्या साली माझी म्हस गेली."

बांधावर उपटलेल्या झुडपांचा ढीग सुकत पडला होता. एकच झुडूप उभं होतं आणि गौराक्का तिकडेच निघाल्या होत्या. मी धावत जाऊन त्याच्यापुढे फतकल मारली.

"एवढं राहू द्या, अक्का. शेंगा बघितल्याशिवाय मी उठणार नाही."

"पावणं, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

पण त्याही बसल्या. बडबडत फडकं सोडलं आणि माझ्या हातावर भाकरी-खर्डा ठेवला. एका हाताने खात, दुसऱ्याने शेंगा चाचपत राहिले. एका शेंगेला भोक होतं. आत अळी होती, काळसर अंगावर पांढरे पट्टे आणि नारिंगी ठिपके, दाणे कुरतडत बसलेली. मी रोलच्या कॅमेऱ्याने भराभर फोटो काढले. गौराक्का वाकून बघत होत्या.

"इख (विष) खाती आन मरत न्हाय?"

"नाही."

"माझी म्हस चार दिस तडफडली हो," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी माझ्या हट्टासाठी त्यांचा वैरी वाचवायला आले होते, याची लाज वाटली.

त्या उठल्या. आता उपटणार, असं वाटलं. पण त्यांनी बाभळीच्या काट्या तोडून आणल्या आणि गुरांचं तोंड पोचू नये म्हणून झुडपाभोवती नीट रोवल्या.

"खाऊ दे. तिला तरी पचतंय."

परतीच्या गाडीत रोल काढायला कॅमेरा उघडला. रोल आतल्या दात्यांना अडकलाच नव्हता, पुढे सरकलाच नव्हता; एकही फोटो निघाला नव्हता. मी रडकुंडीला आले. मग वाटलं, जिची म्हैस त्या झुडपाने नेली तिने त्याला कुंपण घातलं, आणि मी बोलणी बसतील म्हणून खरं बोललेलं मागे घेऊ?

सोमवारी मुख्याध्यापक दारात उभे असतानाच मी फळ्यावर शेंग काढली आणि शेंगेत अळी काढली.