ताटातलं नाव

“तुमीच वर्षा है क्या?” सायबानं इचारलं अन् माह्या तोंडातून निंगून गेलं, “नई सार, मैं अर्चना.” कडेवर पोरगी, हाताले कणीक, अन् समोर मॅडम. सायबानं माह्यं आधारकार्ड पाह्यलं, कागदावर लिवलं, झालं. मॅडम मले म्हणल्या, “जाय, पोरीले भूक लागली.”

कमल, सुरेखा, टीममधल्या समद्या पोरी, तुमाले कोणी काईतरी सांगतलं असंल, म्हणून मीच लिवून राह्यली. थांबली त पुढं लिवणंच होणार नाई.

आठवते ना, मॅडम खेळ शिकवाले उटनूरच्या कॉलेजात आल्या तवा ग्राउंडावर एक खांब अन् बास्केटबॉलची एक गंजलेली रिंग. आपण कापूस येचणाऱ्या पोरी, बॉल भेटला का पोटाशी धरून पळायचो. मॅडम शिट्टी मारून वरडायच्या, “वर्षे, बॉल हाय तो, लेकरू नोहे. आपट त्याले.” भैंशा गावच्या त्या, आपल्याच बोलीत शिव्या द्यायच्या.

इंटरची अकरावी-बारावी अर्धी असतानाच माह्यं लगन झालं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं अर्चना लिवलं, अन् वर्षा माहेरी राह्यली. तरी मॅडम सासरी आल्या, चहा पेल्या, म्हणल्या, “मावशी, एवढी एकच टूर्नामेंट पाठवा.” सासू म्हणली, “पाठवतो, पण चड्डीवर नाई.” मी सलवारीवर खेळली. कॉलेजच्या रजिस्टरात वर्षाच होती, वर्षाच खेळली. कप आला, तुमाले काय सांगू.

त्या कपानंतर मॅडम वरच्या पोस्टवर गेल्या. आधी जिल्ह्याच्या खेळाच्या हाफिसात, मंग हैदराबादले, लय कॉलेजांच्या खेळाच्या मोठ्या अधिकारी. गळ्यातली शिट्टी गेली, खुर्ची आली, फायली आल्या. पण खेळाडू पोरींच्या हॉस्टेलात सैपाकाले बाई पाह्यजे म्हणल्यावर त्याईले मीच आठवली. तवा मी लेकीले घेऊन माहेरी होती; नार्नूरच्या बसस्टँडवर माय लेकीचं टोपडं बांधत म्हणली, “मॅडमच्या शब्दाबाहेर जाऊ नको, बाई.” आधारात लगनाचं नाव, म्हणून कामाले अर्चनाच लागली.

मंग कोणीतरी वर तक्रारीची दरखास्त देली, का मॅडमनं कपासाठी बोगस पोरगी खेळवली, वर्षा नावाची पोरगी दुनियेत नाईच. मॅडम हासल्या म्हणे. “नाई काऊन? आमच्या हॉस्टेलात पोळ्या करून राह्यली. चला, तिलेच इचारा.” अन् चौकशीले आलेल्या सायबाले सरळ सैपाकघरात घेऊन आल्या. मले अगोदर काईच सांगतलं नाई. सांगायची गरजच वाटली नसंल.

मले वाटलं, दोन नावं म्हणजे गुन्हा. काम जाईल, खोली जाईल, मले धरून नेतील, पोरीले कोण पाहील. तांदळाचं सांगाले किती येळ लागते? पोळी पलटवाले लागते तेवढा. मी नाई सांगतलं.

मायनं पाठवलेली वर्षा नावाची कॉलेजची टीसी घेऊन आठ दिसांनी मी त्या सायबाच्या हाफिसात गेली. सायब म्हणले, “अब आए? फाइल ऊपर चली गई.” मॅडमच्या खुर्चीत आता दुसरे सार बसतेत, मॅडमले घरी बसवलं. मी फोन लावला, रडली, त त्याईनं एवढंच इचारलं, “पोरगी चालाले लागली का?”

मी इथंच हाय, त्याच हॉस्टेलात, अर्चना म्हणून. घरी जावं वाटते. पण घर म्हणजे अंगणात पाय टाकला का माय हाक मारंल, “आली का वर्षे?” अन् मले ओ द्या लागंल. सायबापुढं नाई देली ती ओ आता मायले कोणत्या तोंडानं देऊ?

तुमी समद्या तवा माह्यासंग खेळल्या. खरं सांगा, कडेवर लेकरू अन् समोर सायब असता, त तुमी काय म्हणल्या असत्या?